आतून लावलेली कडी

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी चोवीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम्स हा विषय शिकवते आहे. त्यातली जवळजवळ वीस वर्षं मी टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना छातीठोकपणे सांगत आले की युनिक्समध्ये सगळ्यांत सुंदर काही असेल तर ते फोर्क. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कसं बदललं, बदलायला मी किती उशीर लावला आणि त्या उशिराची किंमत कुणाला मोजावी लागली, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात आहे.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला आमच्या विषयात प्रोसेस म्हणतात. नवी प्रोसेस सुरू करायची तर पहिल्यापासून मांडामांड करावी लागेल, असं कुणालाही वाटेल. युनिक्समध्ये मुळात तसं नाही. चालू असलेली प्रोसेस फोर्क म्हणते आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिचीच हुबेहूब नक्कल करून शेजारी उभी करतो. तीच मेमरी, त्याच उघडलेल्या फाइल्स, प्रोग्रॅममधली तीच ओळ. हाक एकदाच मारलेली असते, पण ‘ओ’ दोघींना मिळते. मूळ प्रोसेसला, म्हणजे पॅरेंटला, नव्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो. नवीला, म्हणजे चाइल्डला, शून्य मिळतं. आपण कोण आहोत हे त्या एका आकड्यावरून दोघींना कळतं आणि दोघी आपापल्या वाटेने जातात. चाइल्डला दुसराच प्रोग्रॅम चालवायचा असेल तर ते पुढे एक्झेक म्हणतं, आणि त्याची मेमरी पुसून तिथे नवा प्रोग्रॅम येऊन बसतो.

पहिल्या तासाला मुलं हमखास विचारतात, “मॅडम, पुसायचंच होतं तर एवढी नक्कल केली कशाला?” या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते देताना मला खरोखर आनंद व्हायचा. मी फळ्यावर एक साधी कमांड लिहायची: फाइलींची यादी पडद्यावर न दाखवता एका फाइलीत साठवायची. शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, फोर्क करतं. चाइल्ड अजून शेलचंच रूप घेऊन उभं असतं. ते आपलं पडद्याकडे जाणारं तोंड बंद करतं, त्या जागी फाइल उघडतं आणि मग एक्झेक करतं. यादी देणाऱ्या प्रोग्रॅमला आपण फाइलीत लिहितोय याचा पत्ताही नसतो. फोर्क आणि एक्झेक यांच्यामध्ये ही जी चार पावलांची मोकळी जागा आहे, तिच्यात युनिक्सचं अर्धं वैभव आहे, असं मी म्हणायची. पाइप तिथे जोडले जातात, हक्क तिथे कमी केले जातात. विंडोजच्या क्रिएटप्रोसेसला दहा पॅरामीटर्स द्यावे लागतात, फोर्कला एकही नाही. हे सांगताना माझा आवाज नकळत चढायचा.

नक्कल महाग पडत नाही का, या शंकेला मी माहेरच्या वाड्याचं उदाहरण द्यायची. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याची बाबा आणि काका यांच्यात वाटणी झाली. कागदावर दोन घरं झाली, पण माजघर, ओटा, न्हाणीघर पुढे कितीतरी दिवस एकच राहिलं. काकूला ओटा बदलून हवा होता त्या दिवशी दुसरा ओटा बांधला गेला. तोवर दोन्ही घरांचा स्वयंपाक एकाच ओट्यावर होत होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. कर्नलही असंच करतो. फोर्कच्या क्षणी मेमरीची प्रत काढतच नाही. ४,०९६ बाइटांची पेजेस दोघींना वाचण्यापुरती सामाईक ठेवतो, आणि दोघींपैकी कुणी एकीने एखाद्या पेजवर लिहायला घेतलं की तेवढ्याच पेजची प्रत काढतो. वर्गातल्या पेठांमधल्या मुलांना हे चटकन कळायचं. बाकीच्यांना कळायला वेळ लागत नसे, कारण वाटणी सगळ्यांच्याच घरात झालेली असते.

मग परीक्षा. तीन फोर्क ओळीने लिहिले तर एकूण प्रोसेस किती? आठ. मध्ये ‘अँड’ आणि ‘ऑर’ घातले तर? पाच. असले प्रश्न मी वर्षानुवर्षं ओरलला विचारले. अशाच एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या चुकीचं मूळ त्यातच होतं आणि ते दर वर्षी माझ्या हातात असूनही मला दिसलं नाही.

प्रोग्रॅम दोन ओळींचा. पहिल्या ओळीत प्रिंटएफने ‘नमस्कार’ लिहून ओळ संपवायची, दुसऱ्या ओळीत फोर्क करायचा. लॅबमध्ये मुलं तो चालवतात, पडद्यावर एक नमस्कार येतो. ठीकच आहे, लिहून झाल्यावर फोर्क झाला. आता तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, त्याचं आउटपुट फाइलीत वळवून चालवायचा आणि फाइल उघडून पाहायची. आत दोन नमस्कार. मुलं गोंधळतात, पुन्हा चालवतात, पुन्हा दोन. कारण असं की पडद्यावर लिहायचं असतं तेव्हा ओळ संपली की मजकूर लगेच बाहेर जातो. फाइलीत लिहायचं असेल तर प्रिंटएफ तो प्रोसेसच्याच मेमरीतल्या एका बफरमध्ये साठवून ठेवतो, भरला की किंवा प्रोग्रॅम संपला की एकदम ओततो. फोर्क झाला तेव्हा नमस्कार अजून बफरमध्येच होता. मेमरीबरोबर त्याचीही नक्कल झाली, आणि जाताना दोघींनी आपापला बफर ओतला.

मी हा प्रयोग गंमत म्हणून दाखवायची. फोर्कचा स्वभाव यात उघड होता, तो मला दिसत नव्हता. बफरमधली ती आठ-दहा अक्षरं म्हणजे ‘एकदाच पोचवायचा निरोप’ आहे, हे कर्नलला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ते नुसते बाइट असतात. तो त्यांची प्रत अचूक काढतो आणि त्यांचा अर्थ मात्र बिघडतो.

२०१८च्या ऑक्टोबरात प्रॅक्टिकल परीक्षेसाठी मी सी भाषेत एक सर्व्हर लिहिला. मुलाने आपला प्रोग्रॅम पाठवला की सर्व्हरमधला एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये तीच मेमरी वापरून बरोबरीने चालणारा कामाचा एक धागा, तो घेई, फोर्क करी, चाइल्डमध्ये कंपायलर चालवी आणि निकाल मुलाच्या पडद्यावर धाडी. कुणी केव्हा काय चालवलं याची नोंद ठेवायला एक फंक्शन हवं होतं. ते बीईच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, एका मुलाने लिहून दिलं. तो लातूरकडचा, कमी बोलणारा, आणि काम अतिशय नेटकं करणारा होता. बरेच थ्रेड एकाच वेळी नोंद करायला आले तर ओळी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्याने लिहिण्याभोवती लॉक लावलं होतं. आधी आलेल्या थ्रेडने लॉक घ्यायचं, लिहायचं, सोडायचं; बाकीच्यांनी तोवर थांबायचं. सगळं पुस्तकात असतं तसं. मी ते फंक्शन माझ्या लाडक्या जागेत बसवलं, फोर्क आणि एक्झेक यांच्या मध्ये.

पहिली बॅच सुरळीत गेली. दुसऱ्या बॅचला चार मुलांच्या पडद्यावर ‘तपासणी चालू आहे’ ही ओळ आली ती हलेचना. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तर पंधरा मिनिटांत आणखी तिघं अडकले. बाहेरून आलेले एक्स्टर्नल घड्याळाकडे बघत होते. मुलं घामाघूम झाली होती; आपलाच प्रोग्रॅम चुकला असं प्रत्येकाला वाटत होतं. मी नोंदीचं फंक्शन काढून टाकलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. त्यानंतर एकही पडदा अडकला नाही. काढल्यावर दुखणं गेलं, म्हणजे दुखणं त्यातच होतं, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला.

तो मुलगा लॅबच्या दारात उभा होता. एक्स्टर्नलसमोर, वीस मुलांसमोर मी त्याला म्हणाले, “लॉक कुठे लावायचं हे कळत नसेल तर लावू नये.” तो एवढंच म्हणाला, “मॅडम, लॉक तर बरोबर आहे.” मी उत्तर दिलं नाही. ते फंक्शन त्याच्या प्रोजेक्टचाही भाग होतं, आणि सेमिस्टरच्या शेवटी टर्म वर्कचे गुण देताना मी त्याबद्दल त्याचे गुण कापले. पुढच्या जूनमध्ये तो पास होऊन गेला.

२०२०मध्ये सगळं घरून सुरू झालं. ऑनलाइन परीक्षेला नोंदी ठेवणं भागच होतं, म्हणून मी तो जुना सर्व्हर काढला, त्या मुलाचं नोंदीचं फंक्शन परत जोडलं आणि घरच्या मशीनवर पन्नास खोटे विद्यार्थी एकदम सोडून पाहिले. रात्री अकराच्या सुमाराला दोन चाइल्ड प्रोसेसेस अडकल्या. या वेळी एक्स्टर्नल नव्हते, घाई नव्हती. मी डीबगर लावून त्यांतल्या एकीच्या आत गेले.

ती लॉकची वाट पाहत थांबली होती. लिनक्समध्ये या लॉकच्या रचनेत ते सध्या कुणी घेतलंय त्या थ्रेडचा क्रमांक लिहिलेला असतो. तो मी वाचला. मग त्या प्रोसेसमध्ये थ्रेड किती आहेत ते पाहिलं. एकच होता, वाट पाहणारा. लॉक ज्याच्या नावावर होतं त्या क्रमांकाचा थ्रेड तिथे नव्हताच. तो पॅरेंटमध्ये होता, आणि तिथे त्याने आपलं काम संपवून लॉक केव्हाच सोडलं होतं.

फोर्क मेमरी सगळी आणतो, थ्रेड मात्र एकच आणतो, ज्याने फोर्क म्हटलं तो. हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं, मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या एका थ्रेडच्या हातात लॉक असताना नेमका फोर्क झाला, तर चाइल्डमध्ये लॉक ‘घेतलेलं’ म्हणून नकलून येतं आणि ते सोडणारा थ्रेड येतच नाही. वाड्याच्याच भाषेत सांगायचं तर कोठीच्या खोलीला आतून कडी आहे आणि आत माणूस नाही. दाराशी उभा असलेला जन्मभर ठोठावत राहणार. म्हणूनच नियम आहे की एकाहून अधिक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये फोर्क केला तर एक्झेक होईपर्यंत चाइल्डने मोजकी काही सुरक्षित फंक्शन्सच वापरावीत. नोंदीचं फंक्शन त्यांत बसत नव्हतं. ज्या मोकळ्या जागेवर मी वीस वर्षं तासच्या तास बोलले होते, ती थ्रेडांच्या प्रोग्रॅममध्ये मोकळी नसतेच. त्या मुलाचं लॉक बरोबर होतं, ते फंक्शन बोलवण्याची माझी जागा चुकीची होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तरीही मी फोर्कला दोष दिला नाही, हे मला कबूल करायला हवं. माझा वापर चुकला, हत्यार उत्तम आहे, अशी मी समजूत घातली. आणखी काही महिने मी त्याच समजुतीवर होते.

मग एक शोधनिबंध पुन्हा वाचला. अँड्र्यू बाउमन, जोनाथन अपावू, ओरन क्रीगर आणि टिमोथी रॉस्को या चौघांनी २०१९मध्ये हॉटओएस या परिषदेत मांडलेला, फोर्कवरचाच. तो आला त्याच वर्षी एका सहकाऱ्याने मला पाठवला होता. चौघांपैकी एक मायक्रोसॉफ्टचा आहे एवढं पाहून मी तो पाच मिनिटांत बाजूला ठेवला होता. फोर्क ज्यांच्याकडे नाही ते त्याला नावं ठेवणारच, असं तेव्हा मला वाटलं. या वेळी ओळ न् ओळ वाचला. फोर्क एका काळी साधा होता, आता नाही, असं त्यांचं म्हणणं. पॅरेंटची कुठली अवस्था चाइल्डकडे कशी जाते याचे २५ विशेष अपवाद पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या प्रमाणकात आहेत, असं ते मोजून सांगतात. फाइलींची कुलुपं, टायमर, सिग्नल, प्रत्येकाचा वेगळा नियम. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कुणी काहीही नवं आणलं की त्याला आधी उत्तर द्यावं लागतं: फोर्क झाला तर याचं काय होईल? शिक्षकांनी फोर्क इतिहासातली गोष्ट म्हणून शिकवावा, नवी प्रोसेस बनवण्याची पहिली पद्धत म्हणून नव्हे, असंही त्यांनी लिहिलं आहे. ते वाक्य मला उद्देशूनच लिहिल्यासारखं लागलं.

माझा शेवटचा आधार होता तो म्हणजे युनिक्स बनवणाऱ्यांची दृष्टी. त्यांनी विचारपूर्वक केलेली रचना आहे ही, अशी माझी श्रद्धा. मॉरिस बाख यांचं १९८६चं युनिक्सवरचं पुस्तक मी विद्यार्थिदशेत अप्पा बळवंत चौकातून घेतलं तेव्हापासूनची ती श्रद्धा. म्हणून मी डेनिस रिची यांचा युनिक्सच्या जडणघडणीवरचा १९७९चा निबंध काढून बसले. त्यांनी स्वतः जे सांगितलंय ते फार वेगळं आहे, आणि फार प्रामाणिक आहे. पीडीपी-७ या मशीनवर प्रोसेस डिस्कवर नेऊन ठेवण्याची सोय आधीच होती. फोर्कसाठी प्रोसेसची नोंदवही थोडी वाढवायची आणि चालू प्रोसेसची प्रत त्याच वाटेने डिस्कवर काढायची, इतकंच करावं लागलं. असेंब्लीच्या नेमक्या २७ ओळींत काम झालं. फोर्क आणि एक्झेक एकत्र करणं जास्त अवघड गेलं असतं, कारण एक्झेक अशी वेगळी गोष्ट तेव्हा नव्हतीच. ते काम शेलच करत होतं. फोर्कची कल्पनाही त्याआधी बर्कलीच्या टाइमशेअरिंग सिस्टीममध्ये होती. हाताशी जे होतं त्यातून सर्वांत थोड्या कष्टात जे उभं राहिलं ते हे. त्या काळाला ते चोख होतं. थ्रेड नव्हते, नेटवर्क कार्ड नव्हतं, मेमरी काही हजार शब्दांची.

त्याच निबंधात आणखी एक प्रसंग आहे. फोर्क आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डिरेक्टरी बदलण्याची कमांड काही करेनाशी झालीय. कोड वाचला, चूक सापडेना. मग कळलं की कमांड आता चाइल्डमध्ये चालते. डिरेक्टरी बदलते ती चाइल्डची, आणि चाइल्ड लगेच संपतं. शेल आहे तिथेच. म्हणून ती कमांड आजही शेलच्या आत असते. आमची मुलं लॅबमध्ये आपलं छोटं शेल लिहितात तेव्हा दर वर्षी याच जागी अडतात आणि मी दर वर्षी हसून सांगायची, “विचार करा.” खुद्द बनवणारेही तिथे अडले होते, हे मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं.

या सगळ्यात माझ्याच गावातली एक आठवण वर आली. १९९३ साली आम्हा विद्यार्थ्यांना गणेशखिंडीला सीडॅकमध्ये नेलं होतं. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८मध्ये ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये तिथे परम ८००० तयार झाला, हे तेव्हा पुण्यात शाळकरी पोरांनाही पाठ होतं. तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधला होता. आम्ही कपाटाएवढं यंत्र डोळे भरून पाहिलं आणि परत आलो. ट्रान्सप्युटरची नियमपुस्तिका मी वाचली ती थेट २०२१मध्ये. तिथे नवी प्रोसेस सुरू करायला चिपमध्येच एक सूचना आहे. कामाची जागा कुठे आहे आणि कोड कुठून सुरू होतो, एवढं सांगायचं. प्रोसेस रांगेत लागते. कुणाचीही नक्कल नाही. टोनी होअर यांच्या १९७८च्या विचारांवरून डेव्हिड मे यांनी ऑकम ही भाषा घडवली, आणि कामं एकमेकांशेजारी मांडून, एकमेकांना निरोप देत चालवण्याची ही पद्धत त्या भाषेतली. ट्रान्सप्युटरमध्ये एका प्रोसेसची मेमरी दुसरीपासून सुरक्षित ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे युनिक्सच्या प्रोसेसशी तिची सरळ तुलना होणार नाही, हे मला कळतं. पण नवी प्रोसेस म्हणजे नक्कलच, हे निसर्गनियमासारखं मी शिकवत होते. आणि कॉलेजपासून बसने जाण्याच्या अंतरावर, डोळ्यांनी पाहिलेल्या यंत्रात, ते तसं नव्हतं.

उरलासुरला हट्ट एका विद्यार्थिनीने मोडला. ती आता हवामानाची मॉडेल्स महासंगणकावर चालवते. तिच्या प्रोग्रॅमने मधेच एक बारीकशी कमांड चालवली तर इशारा आला: फोर्क झालाय, मेमरीतला डेटा खराब होऊ शकतो. तिने मला फोनवर विचारलं, “मॅडम, फोर्कने डेटा कसा खराब होईल?” अशा यंत्रांत नेटवर्क कार्ड प्रोसेसच्या मेमरीत परस्पर लिहितं, आणि त्याला मेमरीचा प्रत्यक्ष पत्ता दिलेला असतो. फोर्कनंतर पॅरेंटने त्या पेजवर आधी लिहिलं तर जुन्या कर्नलवर नवी प्रत पॅरेंटला मिळायची. कार्ड बिचारं जुन्याच पत्त्यावर लिहीत राही, आणि ते पेज आता चाइल्डकडे. कुठे चूक दिसत नाही, आकडे तेवढे चुकतात. माझं वाड्याचं उदाहरण मला तिथेच आठवलं. ओटा बदलला हे दूधवाल्याला कुणी सांगितलंच नाही. बफरमधला नमस्कार, लॉक आणि हे कार्ड, तिन्हींचं दुखणं एकच. नक्कल करणाऱ्याला आपण कशाची नक्कल करतोय ते माहीत नाही, आणि त्याला ते माहीत असण्याचा मार्गही नाही. फोर्क सोपा दिसतो तो त्याने आपली अडचण बाकी सगळ्यांवर ढकलल्यामुळे.

फोर्क टाकाऊ आहे, असं मी आजही म्हणणार नाही. अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ॲप झायगोट नावाच्या एका तयार प्रोसेसमधून फोर्क होऊनच निघतं, आणि सामाईक पेजेसमुळे केवढी तरी मेमरी वाचते. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी लिनक्सवर फोर्क करतो. रेडिस आपल्या डेटाची एका क्षणाची प्रत डिस्कवर लिहायला फोर्कच वापरतो, आणि त्या कामाला याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. जिथे प्रोसेसला खरोखर आपलीच नक्कल हवी आहे तिथे फोर्क शोभतो. दुसराच प्रोग्रॅम चालवायचा असताना तो मध्ये घेणं, ही मोठी चूक आपण पन्नास वर्षं सवयीने करत आलो, असं माझं आताचं मत आहे. पायथनवाल्यांनी २०२५च्या ३.१४ आवृत्तीत लिनक्सवरची फोर्कची आपोआप निवड काढून टाकली तेव्हा मला बरं वाटलं. चार वर्षांपूर्वी मी त्यावर वाद घातला असता.

आता टीईला मी नव्या प्रोसेसची सुरुवात पॉझिक्स-स्पॉनने करते: कुठला प्रोग्रॅम, कुठल्या फाइली, कुठले हक्क, ते आधी नीट सांगा, मग चालवा. फोर्क दुसऱ्या आठवड्यात येतो, पीडीपी-७ आणि त्या २७ ओळींसकट. शेल लिहिताना मी अजूनही फोर्कच करायला लावते, कारण ती मोकळी जागा मुलांनी एकदा स्वतः अनुभवावी असं मला वाटतं. या एका बाबतीत शोधनिबंधाच्या त्या चौघांशी माझं जमत नाही. तीन फोर्क किती प्रोसेस, हा प्रश्न मात्र मी ओरलला विचारणं सोडलं. तो सोडवता येणाऱ्याला फोर्क कळलेला असतोच असं नाही. मलाही तो पाठ होता.

त्या मुलाला मी २०२१च्या मार्चमध्ये ईमेल लिहिलं. डीबगरच्या आउटपुटच्या ओळी जोडल्या, लॉकमधला मालकाचा क्रमांक अधोरेखित केला, आणि चूक माझी होती, सगळ्यांसमोर बोलले तेही चूक, गुण कापले तेही चूक, असं स्वच्छ लिहिलं. टर्म वर्कचे गुण विद्यापीठाकडे केव्हाच गेलेले होते. ते बदलता येत नाहीत, हेही लिहिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याने माझं विश्लेषण आधी तपासलं होतं, एक बारीक चूक दाखवली होती, ती बरोबर होती. मग खाली दोन ओळी: “मॅडम, मला त्याच दिवशी फोर्कची शंका आली होती. पण तुम्ही फोर्कबद्दल वर्गात इतकं भरभरून बोलायचात, की मला वाटलं माझंच काही समजायचं राहिलं असेल.”

त्याला विचारून मी ते फंक्शन लॅबच्या दुसऱ्या असाइनमेंटमध्ये ठेवलं आहे, त्याच्या नावासह, लॉकसह, एक अक्षर न बदलता. मुलांना सांगते की हा कोड बरोबर आहे, आणि तरीही सर्व्हर अडकतो. का ते शोधा. यंदाच्या बॅचला कारण सापडायला दोन तास लागले.